इयान डोनाल्ड

इयान डोनाल्ड (२७ डिसेंबर, १९१० – १९ जून, १९८७) हे ब्रिटिश स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ होते. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने शरीरातील अवयवांचे चित्र मिळविण्याच्या तंत्राचे ते एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. ही तपासणी भारतात सोनोग्राफी या नावाने परिचित आहे. ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक असताना डोनाल्ड यांनी जॉन मॅकव्हिकार व अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह पोटातील गाठींच्या ध्वनितपासणीवर एक निबंध लिहिला. तो ७ जून, १९५८ रोजी द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पोटात हाताला लागणारी गाठ द्रवाने भरलेली आहे की भरीव, हे शस्त्रक्रियेपूर्वी ओळखता येते, असे या निबंधाने दाखवून दिले.

डोनाल्ड यांचे नाव मुख्यतः गर्भवती स्त्रियांच्या तपासणीशी जोडले जाते. तथापि त्यांच्या संशोधनाची सुरुवात गर्भापासून नव्हे, तर पोटातील गाठींपासून झाली. द्रव आणि भरीव ऊती यांतील जो भेद त्यांनी प्रथम बीजांडकोशाच्या गाठींसाठी वापरला, तोच पुढे यकृतातील जंतुसंसर्गजन्य गळू आणि कर्करोग यांच्या निदानातील पहिली पायरी ठरला.

सुरुवातीचे जीवन

डोनाल्ड यांचा जन्म इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील लिस्कर्ड या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे स्कॉटलंडमधील पेझली येथील असून घराण्यात वैद्यकीय व्यवसायाची परंपरा होती. वडील जॉन डोनाल्ड हे डॉक्टर होते, तर आई हेलन या पियानोवादक होत्या. चार भावंडांत इयान हे थोरले. ब्रिटनच्या प्रशासकीय सेवेत उच्च पदांवर काम केलेल्या व पुढे लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या ॲलिसन मन्रो या त्यांच्या भगिनी होत.

इयान यांचे प्रारंभीचे शिक्षण स्कॉटलंडमध्ये झाले. वडिलांच्या प्रकृतीला थंड हवा मानवत नसल्याने कुटुंब दक्षिण आफ्रिकेत स्थलांतरित झाले आणि इयान यांनी केपटाउनजवळील राँडेबॉश येथील डायोसेसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. इ.स. १९२७ मध्ये घरात घटसर्पाची साथ शिरली. त्यात आईचा मृत्यू झाला आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांत वडीलही निवर्तले. पोरक्या झालेल्या या भावंडांचा सांभाळ घरातील व्यवस्थापिकेने केला. इयान यांनी केपटाउन विद्यापीठातून भाषा व संगीत या विषयांसह कला शाखेची पदवी मिळविली. पियानोवादनाची आवड त्यांना आईकडून मिळाली होती व ती त्यांनी आयुष्यभर जोपासली.

इ.स. १९३० च्या सुमारास ते इंग्लंडला परतले आणि लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. इ.स. १९३७ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. त्याच वर्षी त्यांचा विवाह दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फ्री स्टेट येथील ॲलिक्स रिचर्ड्स यांच्याशी झाला. या दांपत्याला चार मुली झाल्या.

हवाईदलातील सेवा

दुसऱ्या महायुद्धात इ.स. १९४२ पासून डोनाल्ड यांनी ब्रिटनच्या शाही हवाईदलात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. एका दुर्घटनेत बॉम्बफेकी विमानाने पेट घेतला. विमानात बॉम्ब तसेच असताना त्यांनी आत शिरून जखमी वैमानिकांना बाहेर काढले. या धाडसाबद्दल त्यांना इ.स. १९४६ मध्ये एम.बी.ई. हा बहुमान देण्यात आला.

हवाईदलातील वास्तव्यात त्यांना रडार व सोनार या यंत्रणांची जवळून ओळख झाली. रडार रेडिओलहरी सोडून विमानावरून परावर्तित झालेला प्रतिसाद टिपते. सोनार पाण्याखाली ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाणबुडीचा शोध घेते. लहर सोडल्यापासून तिचा प्रतिध्वनी परत येईपर्यंतच्या वेळेवरून वस्तूचे अंतर काढता येते. पुढे वैद्यकात त्यांनी जे काम केले त्याचा पाया हे तत्त्व होता.

नवजात अर्भकांच्या श्वसनावरील कार्य

युद्धानंतर डोनाल्ड सेंट थॉमस रुग्णालयात परतले व त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ही शाखा निवडली. या काळात जन्मतः श्वास घेऊ न शकणाऱ्या अर्भकांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. शरीरक्रियातज्ज्ञ मॉरीन यंग यांच्यासह त्यांनी बाळाच्या स्वतःच्या श्वसनप्रयत्नाला अनुसरून चालणारे कृत्रिम श्वसनयंत्र विकसित केले. इ.स. १९५२ मध्ये ते लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रुजू झाले व तेथेही श्वसनयंत्रांवरील काम त्यांनी चालू ठेवले. यंत्रांविषयीच्या या ओढीमुळे सहकारी त्यांना गमतीने वेडा डोनाल्ड असे म्हणत.

हॅमरस्मिथ येथे असतानाच जॉन ज्युलियन वाइल्ड यांच्या कार्याशी त्यांचा परिचय झाला. वाइल्ड हे मूळचे इंग्रज शल्यचिकित्सक अमेरिकेतील मिनियापोलिस येथे संशोधन करीत होते. अभियंता जॉन रीड यांच्या साहाय्याने त्यांनी स्तनातील गाठींवर ध्वनिलहरी सोडून साधी गाठ व कर्करोगाची गाठ यांतील फरक प्रतिध्वनीवरून ओळखण्याचा प्रयत्न चालविला होता. एवढ्या सूक्ष्म भेदाऐवजी आधी द्रव आणि भरीव हा ठळक भेद तपासून पाहावा, अशी दिशा डोनाल्ड यांनी पुढे घेतली.

ग्लासगो येथील संशोधन

इ.स. १९५४ मध्ये डोनाल्ड यांची ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राच्या राजनियुक्त अध्यासनावर प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ग्लासगो हे त्या काळी जहाजबांधणी व अवजड उद्योगांचे केंद्र होते. तेथील कारखान्यांत धातूच्या जोडांमधील तडे व पोकळ्या शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीवर चालणारी दोषशोधक यंत्रे वापरली जात.

रेनफ्र्यू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बाष्पक बनविणाऱ्या कंपनीच्या एका संचालकाच्या पत्नीवर डोनाल्ड यांनी उपचार केले होते. त्या ओळखीतून त्यांना कारखान्यातील यंत्र वापरून पाहण्याची संधी मिळाली. २१ जुलै, १९५५ रोजी ते शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारींत घालून कारखान्यात घेऊन गेले. त्यांत गर्भाशयातील भरीव स्नायुगाठी व बीजांडकोशातील द्रवाने भरलेल्या पुटी होत्या. कारखान्याने तुलनेसाठी गोमांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. द्रवाने भरलेल्या पुटीतून ध्वनी विनाअडथळा पार जाई आणि केवळ तिच्या मागील भिंतीवरून स्पष्ट प्रतिध्वनी येई. भरीव गाठीत मात्र ध्वनी शोषला जाई व विखुरला जाई. दोन्ही प्रकारांचे आलेख इतके भिन्न आले की डोनाल्ड यांनी हेच संशोधन पुढे नेण्याचे ठरविले.

लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील भौतिकीतज्ज्ञ व्हॅलेंटाइन मेनॉर्ड यांनी मेंदूच्या तपासणीसाठी वापरून पाहिलेले केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीचे एक जुने यंत्र डोनाल्ड यांना मिळाले. ते रुग्णाच्या पोटावर वापरणे मात्र कठीण होते. त्वचेला लागून असलेल्या भागातील प्रतिध्वनी त्यात नीट मिळत नसत. म्हणून पोट व ध्वनिशलाका यांच्यामध्ये पाण्याने भरलेले भांडे ठेवावे लागे. ते कलंडून रुग्ण व डॉक्टर भिजण्याचे प्रसंग वारंवार येत.

केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीतील तरुण अभियंता टॉम ब्राउन यांना या प्रयोगांची वार्ता योगायोगाने समजली. त्यांनी दूरध्वनी पुस्तिकेतून डोनाल्ड यांचा क्रमांक शोधला, त्यांची भेट घेतली आणि त्यांचे यंत्र सदोष असल्याचे दाखवून दिले. कंपनीने नवे यंत्र उपलब्ध करून दिले. येथून डोनाल्ड, मॅकव्हिकार व ब्राउन या तिघांचे सहकार्य सुरू झाले. डोनाल्ड यांच्याकडे रुग्णशय्येवरील अनुभव होता, मॅकव्हिकार यांनी तपासण्या व नोंदी सांभाळल्या, तर यंत्राची रचना ब्राउन यांची होती.

प्रारंभीच्या यंत्रावर केवळ एका रेषेतील प्रतिध्वनींचा आलेख दिसे. ब्राउन यांनी ध्वनिशलाका त्वचेवर थेट फिरवून शरीराच्या छेदाचे द्विमितीय चित्र उमटविणारे यंत्र तयार केले. त्याचा सांगाडा रुग्णालयातील खाटेवरच्या एका टेबलापासून बनविलेला होता. ध्वनिशलाका व त्वचा यांच्यामध्ये हवेचा थर राहिल्यास ध्वनी आत शिरत नाही. यासाठी पोटावर ऑलिव्हचे तेल चोळले जाई. आजच्या सोनोग्राफीत वापरले जाणारे जेल हेच कार्य करते.

निर्णायक रुग्ण

या संशोधनाला कलाटणी देणारा प्रसंग ग्लासगोच्या वेस्टर्न इन्फर्मरी रुग्णालयात घडला. शल्यविभागात दाखल असलेल्या, साठी ओलांडलेल्या एका स्त्रीचे पोट फुगले होते व वजन झपाट्याने घटत होते. क्ष-किरण तपासणीवरून जठराच्या कर्करोगाचे निदान झाले होते. या कर्करोगामुळे यकृताकडे रक्त नेणाऱ्या प्रतिहारी नीलेत अडथळा येऊन जलोदर झाला आहे, असे समजले जात होते. रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला असल्याचे मानून तिच्या जगण्याची आशा सोडण्यात आली होती. जलोदर ध्वनितपासणीत कसा दिसतो हे पाहण्यासाठी डोनाल्ड यांना तिची तपासणी करण्यास सांगण्यात आले.

जलोदरात द्रव पोटाच्या पोकळीत मोकळा असतो. वायू असलेली आतडी त्यावर तरंगत पोटाच्या पुढील भिंतीजवळ येतात आणि तेथूनच प्रतिध्वनी मिळू लागतात. पुटीत द्रव पिशवीत बंदिस्त असतो आणि आतडी बाजूला ढकलली गेलेली असतात. या रुग्णात पुढील भिंतीपासून खोलवर प्रतिध्वनीच आढळला नाही आणि नंतर मागील भिंतीचा ठळक प्रतिध्वनी आला. त्यावरून हा जलोदर नसून प्रचंड पुटी असावी, असा निष्कर्ष निघाला. शस्त्रक्रियेत बीजांडकोशाची, कर्करोग नसलेली मोठी पुटी आढळली व ती काढल्यावर ती स्त्री बरी झाली. यानंतर रुग्णालयातील इतर विभागांकडूनही डोनाल्ड यांच्याकडे रुग्ण पाठविले जाऊ लागले.

इ.स. १९५८ चा निबंध

१९५८ च्या निबंधात डोनाल्ड व सहकाऱ्यांनी पुटी, स्नायुगाठी, जलोदर, कर्करोग व गर्भ यांची ध्वनिचित्रे दिली. ध्वनिलहरींमुळे ऊतींना इजा होते काय, याची मांजरीच्या पिल्लांवर केलेली चाचणीही त्यात नमूद होती. निबंधाची भाषा सावध होती. आपले निष्कर्ष प्राथमिक असून त्यांचे व्यावहारिक मूल्य अद्याप सिद्ध व्हायचे आहे, अशी लेखकांची भूमिका होती. नव्या पद्धतीने रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीची जागा घ्यावी असा त्यांचा आग्रह नव्हता. हाताने चाचपून मिळणाऱ्या माहितीला एका स्वतंत्र साधनाची जोड मिळावी, हा त्यांचा हेतू होता.

त्याच सुमारास ॲलिस स्ट्यूअर्ट यांच्या अभ्यासांतून गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणी व बालपणीचा कर्करोग यांचा संबंध पुढे आला. त्यामुळे गर्भवतींसाठी क्ष-किरणांना पर्याय शोधण्याची निकड वाढली. डोनाल्ड यांच्या विभागाने गर्भाच्या डोक्याचा व्यास मोजणे, वारेची जागा ठरविणे व जुळ्या गर्भांचे निदान करणे अशी कामे हाती घेतली. इ.स. १९६३ मध्ये त्यांना मूत्राशय पूर्ण भरलेले असल्यास त्यामागील गर्भाशय व लहान गर्भ स्पष्ट दिसतात, असे आढळले. भरलेले मूत्राशय आतड्यांना दूर सारते व ध्वनीला आत जाण्यासाठी जणू खिडकी करून देते. पोटाच्या खालच्या भागाच्या सोनोग्राफीपूर्वी भरपूर पाणी प्यायला सांगण्याची पद्धत यातूनच रूढ झाली.

इ.स. १९६४ मध्ये ग्लासगोच्या यॉर्कहिल भागात क्वीन मदर्स रुग्णालय सुरू झाले. त्याच्या नियोजनात डोनाल्ड यांचा मोठा वाटा होता. ब्राउन यांच्या रचनेवर आधारित डायसोनोग्राफ हे यंत्र व्यापारी तत्त्वावर बनू लागले. मूळ कंपनीने ग्लासगोतील हे काम बंद केल्यावर एडिनबरोच्या न्यूक्लिअर एंटरप्रायझेस कंपनीने त्याचे उत्पादन पुढे चालविले.

यकृताच्या निदानातील महत्त्व

यकृतातील गळू व कर्करोग यांची लक्षणे पुष्कळदा सारखी असतात. उजव्या बरगड्यांखाली वेदना, वाढलेले यकृत, ताप, अशक्तपणा व घटणारे वजन ही दोन्हींत आढळू शकतात. उपचार मात्र अगदी भिन्न आहेत. एन्टअमीबा हिस्टोलिटिका या परोपजीवीमुळे होणारे गळू बहुतेक वेळा मेट्रोनिडॅझोलसारख्या औषधाने बरे होते. जिवाणूजन्य गळवाला प्रतिजैविके व पू काढून टाकणे आवश्यक असते. यकृताच्या कर्करोगाला शस्त्रक्रिया, यकृतरोपण किंवा अन्य विशेष उपचार लागतात. चुकीचे निदान झाल्यास बरा होणारा रुग्ण असाध्य ठरविला जाण्याचा, किंवा कर्करोगावर प्रतिजैविके देत मोलाचा वेळ वाया जाण्याचा धोका असतो.

साध्या क्ष-किरण चित्रात यकृत एकसारख्या सावलीच्या रूपात दिसते. आतील गळूचा अंदाज उजवे श्वासपटल वर उचलले गेल्यासारख्या अप्रत्यक्ष खुणांवरून बांधावा लागे आणि खात्रीसाठी सुई घालून पू शोधला जाई. डोनाल्ड यांच्या गटाने मांडलेली द्रव व भरीव ही विभागणी येथे उपयोगी पडली. तथापि त्यांच्या काळातील यंत्रांवर प्रतिध्वनी केवळ काळ्या-पांढऱ्या रूपात उमटत. त्यामुळे अवयवांच्या कडा दिसत, पण यकृताच्या आतील पोत दिसत नसे. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज कॉसॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी करड्या छटांचे चित्रण प्रचारात आणले, तेव्हा यकृतातील लहान बदलही ओळखता येऊ लागले.

अमीबाजन्य गळू सोनोग्राफीत सामान्यतः गोल किंवा लंबगोल व आजूबाजूच्या यकृतापेक्षा गडद दिसते. ते बहुधा उजव्या खंडात, यकृताच्या पृष्ठभागालगत असते. आतील पातळ द्रवातून ध्वनी सहज पार जात असल्याने त्यामागील भाग अधिक उजळ दिसतो. ग्लासगोच्या प्रयोगांतील पुटीच्या मागील भिंतीवरून येणारा ठळक प्रतिध्वनी याच गुणधर्माचा परिणाम होता. कुत्र्याच्या आतड्यातील फीतकृमीमुळे होणाऱ्या हायडेटिड रोगाच्या पुटींचे ध्वनिचित्रांवर आधारित वर्गीकरण ट्युनिशियातील हसन घारबी व सहकाऱ्यांनी इ.स. १९८१ मध्ये केले. स्वच्छ द्रवाची पुटी, सुटलेले आवरण, आतील लहान पुटी, भरीव भासणारी पुटी व चुना साचलेली पुटी असे पाच प्रकार त्यात आहेत.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. गळू होऊ लागते तेव्हा ऊती अद्याप वितळलेल्या नसतात, म्हणून ते भरीव गाठीसारखे दिसते. क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूमुळे होणारे गळू तर पुष्कळदा भरीव व कप्पेदार भासते. उलटपक्षी, कर्करोगाच्या गाठीचा मध्यभाग मृत होऊन वितळल्यास तिचे रूप गळवासारखे होते. हायडेटिड रोगाच्या घारबी वर्गीकरणातील चौथ्या प्रकाराची पुटी भरीव अर्बुद वाटू शकते. फीतकृमीच्या दुसऱ्या एका जातीमुळे होणारा रोग यकृतात कर्करोगाप्रमाणे पसरत जातो. काही रुग्णांत दोन्ही एकत्रही असतात. उघड कारण नसलेले जिवाणूजन्य गळू मोठ्या आतड्यातील दडलेल्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते.

अशा वेळी शिरेतून रंजकद्रव्य देऊन सीटी स्कॅन किंवा एमआरआय केले जाते. यकृतपेशींच्या कर्करोगाला रक्तपुरवठा मुख्यतः रोहिणीतून होतो. म्हणून तो प्रारंभीच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसतो व नंतरच्या टप्प्यांत फिका पडतो. गळूचा मध्यभाग रंजकद्रव्य घेत नाही. त्याची कडा उजळते आणि भोवती सुजेचे वलय दिसते. लहान लहान गळवे एकमेकांना चिकटून मोठ्या गळूत मिसळत असल्याचे चित्रही जंतुसंसर्गाकडे निर्देश करते.

चित्राबरोबर ताप, रक्तातील जंतूंची तपासणी, अमीबा व हायडेटिडविरोधी प्रतिपिंडांची चाचणी, तसेच अल्फा-फीटोप्रोटीनचे प्रमाण यांचाही विचार केला जातो. आवश्यक तेथे सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली सुईने पू किंवा ऊतीचा नमुना घेतात. अमीबाजन्य गळूतील पू बहुधा तपकिरी, चॉकलेटी रंगाचा असतो. हायडेटिडची शक्यता असल्यास सुई घालण्यापूर्वी विशेष दक्षता घ्यावी लागते. पुटीतील द्रव बाहेर पडून तीव्र ॲलर्जी होण्याचा व रोग पसरण्याचा धोका असतो. उपचारानंतर रुग्ण बरा झाला तरी गळूची पोकळी चित्रात कित्येक महिने दिसत राहू शकते. त्यामुळे केवळ चित्र बदलले नाही एवढ्यावरून उपचार निष्फळ ठरले असे मानले जात नाही. गाठ वाढत असल्यास मात्र निदानाचा फेरविचार केला जातो.

लेखन व अध्यापन

डोनाल्ड हे प्रभावी वक्ते व शिक्षक म्हणून प्रसिद्ध होते. प्रसूतीतील प्रत्यक्ष अडचणींवरील त्यांचा प्रॅक्टिकल ऑब्स्टेट्रिक प्रॉब्लेम्स हा ग्रंथ इ.स. १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या व तो विविध देशांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये वाचला गेला. जगभरातून डॉक्टर ध्वनितपासणी शिकण्यासाठी ग्लासगोला येत. मॅकव्हिकार पुढे लेस्टर येथे प्राध्यापक झाले.

गर्भपाताविषयीची भूमिका

डोनाल्ड हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटनमधील इ.स. १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांनी जाहीर विरोध केला. गर्भाच्या हालचाली दाखविणारी ध्वनिचित्रे त्यांनी आपल्या भूमिकेच्या समर्थनार्थ वापरली. या भूमिकेमुळे त्यांचे अनेक समव्यावसायिकांशी मतभेद झाले.

त्यांनी विकसित केलेल्या तंत्राचा भारतात गर्भलिंगनिदानासाठी गैरवापर झाला. तो रोखण्यासाठी महाराष्ट्राने इ.स. १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. त्यानंतर इ.स. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत झाला. इ.स. २००३ मधील सुधारणेनंतर सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी व नोंदी ठेवणे यांविषयीचे नियम अधिक कडक झाले. यकृतासारख्या अवयवांच्या तपासणीसाठी वापरली जाणारी यंत्रे गर्भाचीही तपासणी करू शकत असल्याने तीही या नियमांच्या कक्षेत येतात.

अखेरची वर्षे व मृत्यू

डोनाल्ड यांना हृदयाच्या झडपेचा विकार होता. त्यांच्यावर हृदयाच्या तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. आजारपणातही त्यांनी अध्यापन व संशोधन थांबविले नाही. इ.स. १९७३ मध्ये त्यांना सी.बी.ई. हा बहुमान मिळाला. इ.स. १९७६ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर ते एसेक्स परगण्यातील पॅगल्शम या गावी राहिले. नौकानयन, जलरंगातील निसर्गचित्रे व पियानोवादन हे त्यांचे छंद होते. १९ जून, १९८७ रोजी पॅगल्शम येथे वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथील सेंट पीटर चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

श्राव्यातीत ध्वनीचा वैद्यकातील वापर एकट्या डोनाल्ड यांनी सुरू केला असे नाही. ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक, अमेरिकेतील वाइल्ड व डग्लस हाउरी आणि स्वीडनमधील इंगे एड्लर व कार्ल हेलमुट हर्ट्झ यांनीही त्याच काळात किंवा त्याआधी महत्त्वाचे काम केले होते. प्रयोगशाळेतील हे तंत्र रुग्णालयातील नित्याच्या तपासणीत आणण्याचे श्रेय मात्र मुख्यतः डोनाल्ड व त्यांच्या ग्लासगोतील सहकाऱ्यांना दिले जाते.

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील ध्वनिचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे त्यांच्या नावाने सुवर्णपदक देण्यात येते. क्रोएशियातील दुब्रोव्हनिक येथे इ.स. १९८१ मध्ये आसिम कुर्याक यांच्या पुढाकाराने इयान डोनाल्ड आंतरविद्यापीठीय ध्वनिचित्रण विद्यालय स्थापन झाले. त्याच्या शाखा भारतासह अनेक देशांत आहेत.